शेवटच्या बाकापर्यंत

बेकरीवाल्या मावशींच्या सुनेला पाळक व्हायचं होतं. घरोघरी पाव पोचवता पोचवता ती आजाऱ्यांच्या उशाशी बसू लागली, त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागली, आणि हळूहळू लोक पावापेक्षा तिचीच वाट पाहू लागले. पाळकांचं शिक्षण देणाऱ्या सेमिनरीत तिला जागाही मिळाली. अट एकच, चर्चच्या मंडळीनं तिच्या पाठीशी उभं राहायचं. म्हणजे खर्चाला हातभार तर लावायचाच, शिवाय दर महिन्याला एका रविवारी तिला उपदेश करू द्यायचा आणि तिच्या चुका तिला तोंडावर सांगायच्या. मंडळी कबूल झाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

मंडळीचे थोरले पंच लोखंडाच्या दुकानाचे मालक. चिक्कू म्हणून प्रसिद्ध. पण बैठकीत त्यांनी चक्क हात सैल सोडला.

"सगळा खर्च मी उचलतो, मावशी. उपदेशाचं तेवढं सोडा. बाईमाणूस, त्यातून शिकाऊ. चारचौघांत फजिती व्हायची."

बाकीच्या पंचांनी माना डोलावल्या. परभारे काम होत असेल तर मान डोलवायला काय जातंय!

सगळा खर्च म्हटल्यावर मावशींनाही क्षणभर मोह पडला, नाही असं नाही. पण ऐकायलाच कुणी नसेल, तर पोरगी बोलायला शिकणार कुणापुढे? भिंतींपुढे?

"नको," त्या म्हणाल्या. "पैसे देऊन मोकळे होताय होय? तुमचा लेक ट्रक शिकत होता, तेव्हा माझी भिंत पाडली त्यानं. मी म्हटलं का, पोराच्या हातात ट्रक देऊ नका? पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं का कुणाला?"

सगळे हसले. थोरल्यांच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या.

"आणि बुडाली तर?"

"तर तुम्ही काठावर बसून काय करणार ते ठरवा. तोवर मी इथून हलत नाही."

आणि त्या खरंच हलल्या नाहीत. चहा आला, निवला, दिवे लागले. शेवटी चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांनी संमतीच्या कागदावर सही केली आणि कपाळाला आठ्या घालून थोरल्यांनीही केली.

सुनेचा पहिला उपदेश काही धड झाला नाही. आवाज घशातच राहिला, कागद खाली पडले, मधेच मुद्दा हरवला. मागे कुजबुज सुरू झाली. मावशींनी बाकाची कड घट्ट धरली. उठून तिला पोटाशी घ्यावंसं फार वाटलं, पण तिला पाण्यात पडू द्या म्हणून त्याच तर भांडल्या होत्या.

चर्च रिकामं झालं. थोरले पंच मावशींपाशी येऊन पुटपुटले, "आवाज पोचत नाही हो सुनेचा."

"मला काय सांगता? ती काय, तिथं उभी आहे. तिला सांगायचं कबूल केलंय तुम्ही."

सून अजून व्यासपीठावरच होती, कागद गोळा करत, डोळे पुसत. थोरल्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग निघताना घातलेली टोपी काढली आणि तरातरा चालत शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

"हं, बोल पोरी," ते तिथून ओरडले. "पहिल्यापासून. मला इथं ऐकू आलं पाहिजे."