पुढचं चाक

"जरा बाजूला हो गो, तुझ्या पायाखाली वाळू हाय," आप्पा म्हणाले, आणि मी थर्मास सांभाळत रस्त्याच्या कडेला सरकले.

शनिवारची संध्याकाळ होती. कातळाच्या सड्यावरून भाट्याच्या किनाऱ्याकडे उतरणारा रस्ता जिथे एकदम डावीकडे वळतो, तिथे माझे वडील माडाच्या हिरांचा खराटा घेऊन डांबर झाडत होते. दुसऱ्या दिवशी सायकलींची शर्यत होती. या वळणावर समुद्राकडून उडालेली वाळू येऊन बसते, वर चिऱ्यांच्या ट्रकांतून लाल चुरा सांडतो. मोटारींना त्याचं काही वाटत नाही. शर्यतीच्या सायकलचं चाक मात्र बोटभर रुंदीचं असतं आणि पोरं उतारावर ब्रेकला हात लावत नाहीत. म्हणून रत्नागिरीत ही शर्यत सुरू झाल्यापासून आप्पा आदल्या संध्याकाळी वळण झाडायचे आणि शर्यतीच्या सकाळी लाल फडकं व शिट्टी घेऊन तिथेच उभे राहायचे.

मी देवरुखला वाचनालयात नोकरी करते, शनिवारी घरी येते. त्या दिवशी आईने मला चहा देऊन रस्त्यावर पाठवलं होतं.

शेजारचे केरूकाका स्कूटरवरून चालले होते, ते थांबले. ते आणि आप्पा मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात जन्मभर एकत्र होते. आप्पा कॉम्प्रेसरवर, केरूकाका लाद्या उचलायला.

"काय आप्पा, नगरपालिकेनं कामाला घेतलंन की काय?"

"पगार देत नाय, म्हणून तर जागा मिळाली," आप्पा म्हणाले.

"बघ हां, दमानं घे. तुझा दम काय, घाटापर्यंतच."

दोघेही हसले. हा विनोद माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. तरुणपणी आप्पा बर्फ कारखान्याच्या मालकाने काढलेल्या संघातून शर्यती खेळायचे. रत्नागिरीहून आंबा घाटाच्या माथ्यापर्यंतच्या एका मोठ्या शर्यतीत कारखान्यातलाच त्यांचा साथीदार दीपक पहिला आला आणि आप्पा घाटातच राहिले. बक्षीस घेताना दीपकला कुणीतरी विचारलं, तुझा जोडीदार कुठे? तो माईकवर म्हणाला, त्याचा घाटात दम गेला. तेव्हापासून आप्पांनी जिना चढताना श्वास घेतला, लग्नात जेवताना हात आखडला, कारखान्यात बढती नाकारली, की कुणी ना कुणी ते म्हणायचंच. आईसुद्धा. घराच्या वरच्या मजल्याचं काम अर्धवट राहिलं तेव्हा ती चुलीपाशी बसून म्हणाली होती, यांचं सगळं घाटापर्यंतच. तेव्हाही आप्पा हसले होते.

चहा पिताना दीपककाकांचा फोन आला. त्या शर्यतीच्या जोरावर त्यांना खेळाडूंच्या कोट्यातून मुंबईत सरकारी नोकरी लागली होती. निवृत्तीनंतर ते पुण्यात एका व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले, आणि गावाच्या प्रेमापोटी, असं ते प्रत्येक भाषणात सांगत, त्यांनी रत्नागिरीची शर्यत सुरू केली. यंदा पहिल्यांदाच पगारी खेळाडूंचे संघ येणार होते, त्यांच्या मागून त्यांच्या गाड्या येणार होत्या. आप्पांनी फोन स्पीकरवर टाकला. कॉम्प्रेसरने त्यांचा उजवा कान केव्हाच नेला होता.

"यंदा सगळं आयोजन एका कंपनीकडे दिलंय रे," दीपककाका सांगत होते. "त्यांनी पोरं आणलीत, पण त्यांना त्या वळणाची काय माहिती? तू आहेस म्हणून मी निर्धास्त."

"शर्टाचं काय?" आप्पांनी विचारलं. दरवर्षी स्वयंसेवकांना पिवळा शर्ट मिळायचा, त्याचं त्यांना अप्रूप होतं.

"अरे, ते त्यांनी मोजून आणलेत. तुला कशाला लागतो? तुला सगळं गाव ओळखतं."

"ते हायच," आप्पा म्हणाले.

घरी आल्यावर आईने गेल्या वर्षीचा शर्ट इस्त्रीला घेतला. पाठीवर छापलेलं साल धुऊन धुऊन फिकट झालं होतं. मी म्हटलं, निदान यंदाचा तरी मागून घ्यायचा. आप्पा पडवीत पाय पसरून सुरमईची वाट पाहत होते. म्हणाले, "वळणाला काय ठाऊक गो, यंदाचा की गेल्या वर्षीचा."

जेवण झाल्यावर त्यांनी पडवीच्या भिंतीवर टांगलेली आपली जुनी सायकल पुसली. तेही दरवर्षीचंच. मागचं चाक अजून चकाकतं. पुढचं साधं, लोखंडी, खाऱ्या वाऱ्याने गंजलेलं. चाकं अशी विजोड का, हे आईने कधी विचारलं नाही. ती लग्न होऊन आली तेव्हापासून सायकल तशीच होती.

सकाळी पुढचा घोळका वळणावरून नीट गेला. मागून आलेला एक मुलगा घसरला. आप्पा त्याला उठवायला धावले, त्याला कडेला बसवलं आणि त्याची आडवी पडलेली सायकल उचलायला पुन्हा रस्त्यावर गेले. एका संघाची गाडी उजव्या अंगाने आली. तो मुलगाच हे नंतर आम्हाला सांगायला आला होता, कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी बांधून. तो म्हणाला, मी ओरडलो, पण आजोबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दीपककाकांनी खांदा दिला. चितेपाशी ते इतके रडले की लोक आईला सोडून त्यांना धरत होते. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी माया वाटली होती, हे लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. संयोजकांचं म्हणणं असं होतं की, स्पर्धा पाहण्यासाठी आलेले एक वृद्ध नागरिक अचानक धावत मार्गावर आले. त्यांना ऐकू कमी येत असल्याचे समजते. त्यांचा संयोजनाशी संबंध नव्हता. खाली दीपककाकांचं नाव होतं. आप्पांचं कुठेच नव्हतं. मी वाचनालयात रोज अशी वर्तमानपत्रं उघडून टेबलावर लावते. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'समजते' या शब्दापाशी मी थांबायची. त्यांना समजायचं काय होतं? मुंबईला जाण्याआधी कारखान्यात दीपककाका त्याच कॉम्प्रेसरशेजारी उभे राहायचे. आप्पांशी बोलायचं तर डाव्या बाजूला जायचं, हे आमच्या घरी त्यांनीच पाहुण्यांना शिकवलेलं.

मी आईला बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, "पेपरवाले काय वाट्टेल ते छापतात. भावजी असं बोलायचे नाहीत."

मी पेपरची घडी घातली. हे असं त्यांनी पूर्वीही केलं होतं, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मी कॉलेजात असताना एका लग्नात कुणीतरी आप्पांना पुन्हा घाटावरून चिडवलं. नवरदेवाकडची अनोळखी माणसंही हसली. घरी येताना मी चिडून म्हटलं, तुम्ही प्रत्येक वेळी हसता कशाला? त्यांनी रात्री सायकल पुसायला घेतली आणि मला कंदील धरायला बोलावलं, वीज गेली होती. मग सांगितलं. साखरप्याच्या पुढे घाटात शिरल्यावर बाकीचे मागे पडले. दोघेच राहिले. वारा अंगावर घेत आप्पा पुढे आणि त्यांच्या चाकाला चाक लावून दीपक मागे, ठरल्याप्रमाणे. संघात दीपक पहिला यायचा होता, आप्पा त्याला वर पोचवायला होते. अर्ध्या घाटात दीपकचं पुढचं चाक फुटलं. मदतीची जीप मागे कुठेतरी अडकली होती. आप्पा उतरले, नट सैल केले, स्वतःचं पुढचं चाक काढून दीपकच्या सायकलला बसवलं आणि त्याला ढकलून वाटेला लावलं. जीप आलीच नाही. फुटलेलं चाक हातात आणि सायकल खांद्यावर, असे ते साखरप्यापर्यंत चालत उतरले. ते चाक दुरुस्त होण्यासारखं नव्हतं, म्हणून पुढे साधं लोखंडी बसवलं.

"मग त्यांनी दम गेला असं का सांगितलं?"

"घाईत बोलला असंल. माईक पुढे आला की माणूस काय पण बोलतो."

"आणि नंतर?"

"नंतर त्याच्या नोकरीचं चाललं होतं. चाक दुसऱ्याचं कळलं तर शर्यत बाद करतील, असं त्याला कोण तरी बोलला. मग ऱ्हायलं ते ऱ्हायलंच." त्यांनी फडकं पिळलं. "आमच्यात पहिला यायचा असंल त्याला चाक द्यायचंच असतं गो. तेच माझं काम होतं. तू हे कुठं बोलू नको. दिलेलं चाक परत मागत नाय कोण."

"परत दिलं त्यांनी?"

आप्पांनी कंदिलाची वात कमी केली.

बाराव्याच्या आदल्या दिवशी दीपककाका आले. पडवीत केरूकाका बसले होते, आई आत चहा ठेवत होती. काकांनी आप्पांच्या फोटोला हार घातला, खुर्ची ओढून बसले, ती नेमकी सायकलीखाली. थोडा वेळ जुन्या आठवणी निघाल्या. मग त्यांनी आईला बाहेर बोलावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

दुसऱ्या दिवशी पोलीस घरी जबाब घ्यायला येणार होते. गाडी चालवणारा पोरगा गरिबाघरचा आहे, ते सांगत होते. संघाचे मालक बिथरलेत. आणि मुख्य म्हणजे आप्पाला वळणावर संयोजकांनी उभं केलं होतं असं निघालं, तर पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नाही, ही शर्यत कायमची बंद पडेल. इथल्या पोरांनी मग मोठे संघ कुठे पाहायचे?

"वहिनी, तुम्ही एवढंच सांगायचं, की तो दरवर्षीसारखा हौसेनं बघायला गेला होता. खोटं काहीच नाही त्यात. त्याच्या अंगावर यंदाचा शर्टही नव्हता. आप्पाला शर्यत बंद पडलेली आवडली असती का, तुम्हीच सांगा."

केरूकाकांनी मान डोलावली. आई चहाचा ट्रे हातात घेऊनच उभी होती. तिला दीपककाकांपुढे नाही म्हणायची सवय नव्हती. गावातला सगळ्यात मोठा माणूस आपल्या नवऱ्याला मित्र म्हणतो, याच एका गोष्टीवर तिने कितीतरी उणं भरून काढलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, भावजी."

मी उंबऱ्यावर उभी होते. म्हटलं, "तुमचा फोन आला तेव्हा मी आप्पांच्या शेजारी होते, काका. फोन स्पीकरवर होता. मी जबाबात ते सांगणार आहे."

मग काका अगदी मायेने म्हणाले, "राही बाळा, तू आत्ता दुःखात आहेस. फोनवर माणूस सहज बोलतो. मी त्याला ड्युटी दिली नव्हती."

"शर्टाचंही त्यांनी विचारलं होतं."

"वहिनी, समजवा हिला." ते आता माझ्याकडे पाहत नव्हते. "आज आप्पा असता ना, तर स्वतः म्हणाला असता, दीपक, चूक माझी, तू पुढे जा. असा माणूस होता तो. दम कमी, पण मन मोठं."

केरूकाका सवयीने किंचित हसले, आणि फोटोकडे लक्ष जाताच थांबले.

आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्या हातातून ट्रे घेतला आणि खाली ठेवला. मग दीपककाकांच्या डोक्यावर टांगलेल्या सायकलीकडे बोट केलं, आणि ते मी त्यांना नाही, आईला सांगितलं.

"आई, त्या सायकलीचं पुढचं चाक बघ. आप्पांचा घाटात दम गेला नव्हता. यांचं चाक फुटलं, म्हणून त्यांनी आपलं काढून दिलं होतं."