पाट्याच्या बोल्टाचा मारोती

लोक मला आधी शिव्या देतात आणि मग माझ्याकडे नीट बघतात. म्हणून म्हटलं, आज आपणच तोंड उघडावं. मी एक बोल्ट. बोटभर लांब, अंगठ्याएवढा जाड आणि डोक्याचे सगळे कोपरे झिजून गुळगुळीत झालेला. रूपावर जाऊ नका. काही दिवस का होईना, माझ्यापुढे लोकांनी हात जोडले आहेत.

जन्म कारखान्यातला. एका खोक्यात आम्ही पुष्कळ भावंडं होतो. कुणी ट्रॅक्टरला गेलं, कुणी पाळण्याला. मी गेलो एका जीपच्या मागच्या चाकाशेजारी, जिथे पाटा, म्हणजे धक्के झेलणारी लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, गाडीच्या सांगाड्याला अडकवतात तिथे. धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. ते मी इतकं मनावर घेतलं की सोडायचं कसं हेच विसरून गेलो.

जीप रोहिणखेडच्या तुळशीरामांची. त्यांची वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, ती मोताळ्याच्या बाजारात न्यायची. माणसांची एक गंमत सांगतो. हॉर्न बिघडला तर त्याच दिवशी दुरुस्त होतो, कारण तो ओरडतो. दसऱ्याला झेंडूची माळ बॉनेटला, कारण ते दिसतं. मी ना ओरडणारा, ना दिसणारा. ग्रीसचं बोट मला कधी लागलं नाही, चिखलाचं पाणी मात्र दर पावसाळ्यात पोटभर मिळालं. मग गंज आला आणि घरच्यासारखा राहिला.

तुळशीरामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांच्या बायकोने, रुक्मिणीबाईंनी, पदर खोचून स्टेअरिंग हातात घेतलं. पहिल्या दिवशी बांधावर गाडी घातली, दुसऱ्या दिवशी शेणाच्या ढिगात. तिसऱ्या खेपेला थेट बाजारात जाऊन उभ्या राहिल्या! डोळे बरे झाले तरी तुळशीराम पुन्हा त्या जागी बसले नाहीत. बसायला जागा मिळाली असती तर ना.

आणि एक दिवस पाटा तुटला.

मिस्त्री देवानंद आला. पाटा बदलायचा तर आधी मला काढायला हवं. त्याने रॉकेल ओतलं, पाना लावला, पान्याला नळी अडकवून जोर केला. पाना घसरला, माझे उरलेसुरले कोपरे गेले आणि देवानंद मागच्या मागे वांग्यांच्या कॅरेटवर जाऊन बसला. मी खुश.

"हा बोल्ट नाही व काकू, मारोती हाये मारोती!" तो घाम पुसत म्हणाला. "हालूनच नाही राह्यला. गॅसनं कापला तं त्याले धरनारा चेसीचा कानच जाईन."

मुलगा कुलदीप वाटच बघत होता. "मी म्हनतच होतो. भंगारात देऊन टाकू. भागवतले उद्या बोलावतो. नवी पिकअप घेऊ."

"घे नं. पन मले चालवू देशीन का?"

"नवी गाडी हाये आई ते! तू बाजूले बसजो मस्त."

 रुक्मिणीबाईंचा चेहरा मी चाकाआडून पाहिला. बाजूला बसायचं म्हणजे काय, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. लग्नापासून त्या बाजूलाच तर बसल्या होत्या.

सकाळी भागवत भंगारवाला आला, तर माझ्या डोक्यावर शेंदूर! गळ्यात रुईच्या पानांची माळ, समोर उदबत्ती. रुक्मिणीबाई हात जोडून उभ्या.

"हे काय व माय?"

"मारोती प्रगटले, भाऊ. मिस्त्रीच म्हने. इचार त्याले."

भागवतने चपला काढल्या. "मी नाही नेत. देवाले भंगारात तोलू काय? वाटोळं होईन माह्यं!" तो गेला. तुळशीराम मिशीतल्या मिशीत हसले आणि प्रसादाचं खोबरं आहे का, ते बघू लागले.

युक्ती फक्कड होती. पण तिला शेपूट निघालं. बातमी गावभर झाली आणि दर शनिवारी बाया तेल घेऊन येऊ लागल्या. माझ्या डोक्यावर तेलाची धार आणि शेजारच्या लोखंडावर नारळ, ठण्ण! आयुष्यात इतका मान कधी मिळाला नव्हता. मी फुगलो. इकडे देवानंद हातोडी उचलेना. "देवावर घाव घालू काय, काकू?" गाडी भंगारातून वाचली, पण जागची हलेना.

रुक्मिणीबाई माल घेऊन दुसऱ्याच्या टेम्पोत जाऊ लागल्या. मागे, कॅरेटवर बसून. एका दुपारी त्या बाजारातून आल्या आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"माह्याच हातानं फसली रे मी," त्या मला म्हणाल्या. "तुले देव केलं, अन् मीच बिनगाडीची झाली."

मला फार वाईट वाटलं. ज्या बाईने मला वाचवलं, तिचीच वाट मी अडवून बसलो होतो. तेव्हा ठरवलं, आता धरून ठेवायचं नाही.

पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्या बायांना बोलावलं. "मारोतीले गाडीखाली काऊन ठेवायचं? गावात देऊळ हाये त्याचं. तिथं पोचवू." माझ्यावरचा शेंदूर त्यांनी हलक्या हाताने रुईच्या पानावर उतरवला आणि वाजतगाजत देवळात नेला. देव आपल्या घरी गेला. मागे उरला नुसता बोल्ट.

मग गुळगुळीत डोकंही पकडणारा पाइप पाना त्यांनी स्वतः धरला. देवानंद लांबून सांगत होता, "काकू, आधी जरासं आवळा, मंग सोडा." त्यांनी आवळलं. सोडलं. इतक्या शनिवारांचं तेल आत मुरलं होतं, नारळांच्या ठोक्यांनी गंज तडकला होता. मीही अंग सैल सोडलं. कर्रर्र!

"हालला! हालला बे!" देवानंद नाचला. कुलदीपने टाळी वाजवली आणि मग आपल्याला नवी पिकअप हवी होती हे आठवून हात खिशात घातले.

नवा पाटा बसला, माझ्या जागी नवा बोल्ट बसला. त्या नव्या पोरासाठी एकच मागणं आहे: पावसाळ्याआधी त्याला ग्रीसचं बोट लावत चला. देव होणं फार जड जातं.

मी कुठे आहे विचारता? रुक्मिणीबाईंनी मला तारेने जीपच्या किल्लीला बांधलंय. एवढं वजन कुणाच्या पँटच्या खिशाला पेलत नाही, त्यांच्या पिशवीला मात्र पेलतं. कुलदीपला गाडी हवी असली की तो दारात उभा राहून म्हणतो, "आई, किल्ली देतं का?"

आणि त्या म्हणतात, "कुठं जायचं हाये? बस बाजूले. मी सोडतो."