कुठल्या सभेत?

डेय, ऐका की रे! काल तिरुवैयारूला मुलगी बघायला गेलो. तिचे अप्पा व्हायोलिन शिकवतात. मी सांगितलं, मद्रासला कंप्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. ते एकदम खुलले, "कुठल्या सभेत?" त्यांना वाटलं, संगीत सभेतला गाण्याचा प्रोग्रॅम! हसू नका. मग समजावलं, मशीनची भाषा असते, कार्डांना भोकं पाडून लिहायची, ती मी घोटून घोटून शिकलो, आता नवं मशीन आलंय, त्याची भाषा वेगळी, पुन्हा पहिल्यापासून. ते म्हणाले, "म्हणजे जन्मभर सरिगमच? वाजवायचं कधी?"

आतून मुलगीच बोलली, कनकलता. "अप्पा, नवा शिष्य आला की तुम्हीही सरिगमच धरता ना!"

सगळे हसले, लग्न ठरलं. पण मी इतका दमलोय रे, मला तिच्या अप्पांचंच पटलं.