घासलेली कवळी

सासूबाईंची कवळी घासायचं काम सूनबाईचं. सकाळचा चहासुद्धा त्यानंतरच. भांडी घासायची पांढरी पूड ब्रशवर घ्यायची आणि दात लख्ख होईपर्यंत खसाखसा घासायचे, हा तिचा नेम कधी चुकला नव्हता. कोणी सासूबाईंच्या हसण्याचं कौतुक केलं की तिला आपलंच केल्यासारखं वाटायचं.

मग सासूबाईंचा कान दुखू लागला. घास चावला की कानापाशी कट्ट वाजायचं. थेंब घातले, शेकून झालं. पुढे तोंडच पुरतं उघडेना; वाटीभर पातळ पेज पिऊन त्या ताटावरून उठायच्या.

"जबडा संपावर गेलाय," त्या म्हणायच्या. "तुझी मजा आहे. बोलणी खायला नकोत."

कानाच्या डॉक्टरांनी दातांच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी कवळी उजेडात धरली.

"दात झिजून बुटके झालेत आजी. त्यामुळे तोंड मिटताना जबडा नको तितका वर जातो आणि कानापुढच्या सांध्यावर ताण येतो. दुखतोय तो सांधा, कान नाही. नवी कवळी करावी लागेल. ही घासता कशानं?"

 सूनबाई काही बोलणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "भांड्यांच्या पुडीनं. मीच घासते. हात जड आहे माझा."

खरखरीत पुडीनं दात झिजवल्याबद्दल डॉक्टरबाईंनी आजींना चांगलंच फैलावर घेतलं. 

जिन्यात सूनबाईनं विचारलं, "आई, असं का सांगितलंत?"

"तुला बोलल्या असत्या, तर तू घरी जाऊन जेवली नसतीस. एक उपाशी आहे तेवढी पुरे."

सूनबाईला पुढची पायरी उतरवेना. "तुम्ही इथं बसा जरा," म्हणत ती परत वर गेली. डॉक्टरबाईंसमोर उभी राहून म्हणाली, "घासत होते ती मी. आईंना उगाच बोलणी बसली."

 "मऊ ब्रश, साधा साबण," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि हलका हात."

नवी कवळी आली. सकाळी ती वाटीत पाण्यात पडून होती आणि सूनबाई दूर, हात पदरात गुंडाळून उभी. सासूबाईंनी वाटी तिच्यापुढे सरकवली.

"घे. चावत नाही ती."

तिनं ती अलगद उचलली, जणू सासूबाईंचा दुखरा जबडाच हातात घेतला होता. त्या दिवशी चहाला फार उशीर झाला.