आवाजावर हलायचं नाही

शिस्त माणसाला घडवते. कोल्टर हिल मिलिटरी अकॅडमीच्या मोठ्या फाटकावर हे वाक्य दगडात कोरलेलं होतं आणि व्हर्जिनियाच्या त्या डोंगराळ मुलखात त्याबद्दल कुणाला शंका नव्हती. फुटबॉलची पोरं मात्र मागच्या फाटकाने आत येत, कारण बस वळवायला जागा तिथेच होती. त्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी होती. कुत्रा म्हातारा होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

ओडेल ग्रियर साउथ कॅरोलायनाहून आला तो दोन सीट व्यापून. फुटबॉल म्हणजे तिथला. बॉल काखेत मारून पळायचं आणि पळणाऱ्याच्या अंगावर जाऊन पडायचं. ओडेल पडणाऱ्यांपैकी. एका मोठ्या विद्यापीठाला तो मनापासून आवडला होता, त्याचे प्रवेश परीक्षेतले गुण तेवढे आवडले नव्हते. असे गडी वर्षभर कोल्टर हिलला ठेवायची पद्धत होती, लोणचं मुरायला ठेवतात तशी.

“एकच वर्ष, बाळा,” विद्यापीठाचा कोच म्हणाला होता. “थोडं इंग्रजी, थोडं गणित, थोडं लेफ्ट-राइट. मग तू आमचाच.”

ओडेलच्या आईने चर्चमध्ये उभं राहून जाहीर केलं की आपला ओडी विद्यापीठात निघालाय. मधल्या वर्षाचा उल्लेख तिने गाळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी केक आणला. केक खाल्ल्यावर ओडेलला परतीची वाट उरली नाही.

त्याच्या मापाचा गणवेश अकॅडमीत नव्हता. शिंप्याने दोन कोट जोडून एक केला. त्यामुळे छातीवर बटणांच्या चार रांगा आल्या आणि नवी पोरं त्याला जनरल समजून सलाम ठोकू लागली.

ज्या परीक्षेची सगळ्यांना धास्ती होती, तिच्यात तो नाताळाआधीच पास झाला. इंग्रजीच्या टटल बाई इतक्या सावकाश शिकवत की न समजायला वावच राहत नसे. गाडी अडली ती कवायतीत.

कवायत कर्नल रस्क घेत. त्यांनी सैन्यात हयातभर मोज्यांचा पुरवठा सांभाळला होता, पण आवाज तोफखान्याचा होता. पहिल्याच सकाळी त्यांनी हुकूम सोडला, “पुढे... चल!” अख्खी तुकडी निघाली. ओडेल जागचा हलला नाही. मागचा पोरगा त्याच्या पाठीवर आदळला आणि बसलाच.

“ग्रियर, बहिरा आहेस का?”

“नाही, सर.”

“मी काय म्हणालो?”

“पुढे चल म्हणालात, सर.”

“मग?”

ओडेलने खरोखर विचार केला. “बॉल हलला नाही, सर.”

यात उद्धटपणा काडीचा नव्हता. बचावाच्या आघाडीवर खेळणाऱ्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून एकच गोष्ट शिकवलेली असते: आवाजावर हलायचं नाही. समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे हाका देऊन डाव सुरू करणारा गडी, वाटेल ते ओरडेल, तू डोळा बॉलवर ठेव. बॉल हलला की तू हल. आधी हललास तर ऑफसाइड, म्हणजे फाउल. ओडेलच्या गावचा कोच तर त्याला वाकवून कानाशी भोंगा वाजवत असे. त्या भोंग्यापुढे कर्नल रस्क म्हणजे अंगाई होती.

कर्नलांनी मात्र सांगून टाकलं, “वसंतातल्या संचलनात जो चुकेल, त्याची शिफारस मी विद्यापीठाकडे करणार नाही. मग तो डोंगर उचलत असला तरी.”

आता वाचवू शकेल असा एकच माणूस होता, तो म्हणजे खोलीतला जोडीदार व्हर्नेल टिब्स. जॉर्जियाचा, काडीसारखा आणि क्वार्टरबॅक. म्हणजे खोटे आवाज देऊन ओडेलसारख्यांना फसवणं हाच त्याचा धंदा.

“पुढे चल!” टिब्स पलंगावर पडल्या पडल्या ओरडे.

ओडेल जमिनीकडे बघे.

“खाली काय बघतोस? कोंबडीने अंडं घातलंय?”

“बॉल बघतोय.”

“बॉल नाहीये रे, जाड्या! हे लष्कर आहे. इथे नुसत्या शब्दावर मरायचं असतं.”

“आणि शब्द खोटा असला तर?”

“तरी मरायचं. पेन्शन मिळते.”

शेवटी उपाय सापडला न्याहारीच्या टेबलावर. टिब्स स्वतःच्या ताटातलं गरम बिस्किट, म्हणजे तिकडचा मऊ पाव, ग्रेव्हीत बुडवून समोर धरी आणि हुकूम देई. डावा पाय पुढे पडला तर बिस्किट ओडेलचं. टिब्स हिवाळाभर अर्धपोटी राहिला. वसंत येईतो ओडेलची अशी तयारी झाली, की चर्चमध्ये पाद्री “पुढच्या पानावर” म्हणाला तरी त्याचा डावा पाय उचलला जाई.

ओडेल आज गावात शाळेची बस चालवतो. पितळ चकाकवायच्या पॉलिशचा वास कुठे आला, की ती खोली त्याच्यापुढे उभी राहते. ओल्या लोकरीचे मोजे रेडिएटरवर वाळत असायचे, टिब्सचा रेडिओ फक्त खिडकीतच लागायचा, म्हणून थंडीतही खिडकी उघडी. व्हरांड्यातल्या फोनसमोर रविवारी रांग लागे आणि प्रत्येक जण आईला तेच सांगे, की सगळं झकास चाललंय. त्या व्हरांड्यात एकूण एक पोरगा उद्याचा मोठा खेळाडू होता. तसं नसल्याचं अजून कुणाला कळलेलं नव्हतं. इतकी मोठी माणसं एका न्हाणीघरापुढे ओळीने उभी राहिलेली ओडेलने पुन्हा कधी पाहिली नाहीत.

त्या वसंतात संचलनाला आई आली, निळी हॅट घालून, दोन बस बदलून. कर्नलांनी श्वास भरून घेतला. “पुढे...” आणि ‘चल’ बाहेर पडायच्या किंचित आधीच ओडेल निघाला.

“उत्साह!” कर्नल विश्वस्तांना म्हणाले. “याला म्हणतात उत्साह.”

शिफारस मिळाली. आईने चर्चमध्ये पुन्हा उभं राहून तीच बातमी पुन्हा सांगितली आणि केकही पुन्हा आला.

विद्यापीठात त्याने बाकावर बसून बराच फुटबॉल पाहिला. आईचं प्रत्येक फोनवर एकच, “ओडी, खेळवणार कधी तुला? बायका विचारतात रे.” शेवटच्या वर्षी, शेवटच्या सामन्यात, सामना संपत आलेला असताना त्याच्या जागी खेळणाऱ्या गड्याचा पाय मुरगळला आणि कोचने मागे वळून न बघताच हाक मारली, “ग्रियर!” वर प्रेक्षकांत एक निळी हॅट उभी राहिली.

ओडेल धावत जाऊन रेषेवर वाकला. बॉल नाकासमोर होता. त्याने डोळा बॉलवर ठेवला. मग समोरून ओळखीचं हसू ऐकू आलं. दुसऱ्या संघाचा क्वार्टरबॅक व्हर्नेल टिब्स होता.

“काय रे जाड्या, खातोयस ना नीट?”

ओडेलने मान वर केली नाही. टिब्सने छाती भरून घेतली आणि हुबेहूब कर्नल रस्कच्या आवाजात हुकूम सोडला.

“पुढे... चल!”

शिट्टी वाजली तेव्हा ओडेल टिब्सच्या पुढ्यात एकटाच उभा होता. डावा पाय पुढे, छाती बाहेर, हनुवटी वर. कवायत म्हणून पाहिलं तर खोट काढायला जागा नव्हती. बॉल होता तिथेच होता. कोचने त्याला बाहेर बोलावलं आणि मुरगळलेल्या पायाचा गडी लंगडत परत आत गेला.

टिब्स अजून दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला फोन करतो. टर्की कापायच्या आधी, न चुकता.

“त्या बिस्किटांची वसुली होती ती, जाड्या.”

“तुला भूक लागायची हे मला कळलं नव्हतं रे तेव्हा.”

“मलाही नव्हतं कळलं.”

मग दोघे हसतात, आणि दोन्हीकडे टर्की थंड होत राहते.

चर्चमधल्या बायकांना आई अजून सांगते, की माझा ओडी विद्यापीठाकडून एक डाव खेळलाय. बॉल हलायच्या आधी ऑफसाइड झालं, तर तो डाव धरत नाहीत.