ज्याला हवं त्याने दोष सांगायचे

आमच्या घरात एक नियम आहे. मोठी वस्तू ज्याला हवी असेल त्याने तिचे दोष सांगायचे, आणि ज्याला नको असेल त्याने गुण गायचे. लोक हसतात. हसोत बापडे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी फ्रिजवरून आमची अशी जुंपली होती की आठवडाभर अबोला होता. तेव्हा कोर्टात टायपिस्ट असलेल्या माझ्या नणंदेने हा तोडगा काढला. फ्रिज आला, पुढे गाडी आली, शिलाई मशीन मात्र बारगळलं. अकरा वर्षांत पैशावरून भांडण म्हणून झालं नाही.

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यांवर मी दात बसवते. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शिकवायच्या गाडीत त्याच्याही पायाशी एक ब्रेक असतो. घरातही तो त्याच्यावर पाय ठेवून बसतो, असं मी चिडले की म्हणते.

सोमवारी वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई खाली आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं सरळसोट.

"मी लेकीकडे कायमची चाललेय. ही तुमची जागा विकायचीय. पहिला मान तुमचा. शनिवारी पाचपर्यंत सांगा, गिऱ्हाईक दारात उभं आहे."

मला ती जागा हवी होती. अगदी जीव तुटेपर्यंत हवी होती. आतापर्यंत चार घरं बदलली, दर वेळी माझं कामाचं टेबल नव्या भिंतीशी लावलं. पण नियम म्हणजे नियम. जेवताना मी म्हटलं, "स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो."

"मोरीच्या भिंतीला ओल आहे," तो म्हणाला.

"रस्त्याचा आवाज येतो."

"वीस वर्षं हप्ते."

मी घास हातात धरून त्याच्याकडे बघत बसले. दोघंही दोषच सांगत होतो. म्हणजे नियमाप्रमाणे दोघांनाही जागा हवी, आनंदीआनंद! पण वीस वर्षं म्हणताना त्याचा आवाज असा काही बसला होता की ते नियमाचं वाटेना.

"तू नियमाने बोलतोयस की खरं?"

"नियमाने. आणि तू?"

"मीपण."

दोघांनीही मान डोलावली आणि दोघांचाही विश्वास बसला नाही. डोक्याचा नुसता भुगा झाला. मी नणंदेला फोन लावला.

"कुठला नियम, वहिनी?" ती म्हणाली. "अगं, तुम्ही फ्रिजपायी घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणून काहीतरी बोलले मी. आमच्याकडे मी घेते आणि मग ह्यांना सांगते."

मी कपाळाला हात लावला.

शनिवारी तो शिकवणीला गेल्यावर त्याच्या उशीखाली मला एक कागद सापडला. ओल, आवाज, हप्ते, नोकरी गेली तर, आजारपण आलं तर. सगळं नीट, एकाखाली एक. नियम बोलण्याचा होता. स्वतःपुरतं लिहून उशीखाली ठेवणारा माणूस कुणासाठी नियम पाळेल? त्याला नको होतं. पण त्याचा जीव घाबरा करून मला घर नको होतं. तशीच वर गेले आणि म्हटलं, "बाई, आमचं नाही जमायचं."

बाईंनी चष्मा काढला. "अगं, तुझा नवरा सकाळी दूधवाल्याच्याही आधी येऊन हो म्हणून गेला. आता मी कुणाचं धरू? घरात एकदा ठरवा, आणि पाचला दोघं या."

तो तीनला आला. मी दारातच उभी होते.

"तुला नकोय, तर हो का म्हणालास?"

"तुला हवंय म्हणून." मग त्यानेच विचारलं, "हवंय ना? की तेही नियमाने?"

हवंय, असं मी त्याला अकरा वर्षांत कधी म्हटलंच नव्हतं. "हवंय," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. "तुझं सांग."

तो बूट न काढताच खाली बसला. "मला भीती वाटते गं. आजवर मी तुला कधी सांगितलं नाही. प्रत्येक वेळी भीतीच वाटते. गाडीच्या वेळीसुद्धा वाटली होती."

गाडी त्याला हवी होती असं मी आजवर समजत होते. म्हणजे भरपूर दोष सांगत होता तेव्हा त्याला खरंच नको होती? मग मशीन कुणाला हवं होतं? नाकारलं कुणी? काहीच कळेना. एका घरात राहून आम्ही नक्की कुणाच्या मनाने चाललो होतो, देव जाणे.

पाचला वर गेलो. बाई म्हणाल्या, "बोला."

"हिला हवंय. मला भीती वाटते," तो म्हणाला. "दोन्ही खरं आहे."

"मग हो की नाही?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हातानेच 'तू सांग' अशी खूण केली.

"हो," मी म्हटलं.

जिना उतरताना मीच मध्ये थांबले. वीस वर्षं! मी कठडा घट्ट धरला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"भीती वाटतेय."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा जरा सैल झाला. "इतकी वर्षं एकट्यालाच वाटत होती."