माझ्या डोळ्यातली रेघ

मी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे, आणि माझ्या डोळ्यात एक रेघ आहे. मित्रांनो, ही रेघ जन्मापासूनची नाही. ती कशी पडली, तिच्यापायी एका मुलीचं वर्ष कसं वाया जायला निघालं होतं आणि तरीही मी ती का जपतो, हे सांगायला आज तोंड उघडलं आहे. एरवी माझं काम दाखवण्याचं, बोलण्याचं नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. पितळेची नळी, खाली वस्तुभिंग, वर डोळा लावायला नेत्रभिंग आणि पायाशी उजेड पकडणारा छोटा गोल आरसा. १९८१ साली, जालना जिल्हा नव्यानं झाला त्याच वर्षी, लाकडी पेटीत भुशावर बसून मी वाटूर फाट्यावर एसटीतून उतरलो. तिथून दोन कोसांवरच्या एका गावात माध्यमिक शाळा होती. फाट्यापासून शाळेपर्यंत मला बैलगाडीतून नेलं. विज्ञानाचे राधाकिसन सर पेटी मांडीवर घेऊन बसले होते. चाक खड्ड्यात गेलं की ते गाडीवानाला म्हणत, "हळू रं बाबा, हळू. आत काच हाये." आपण कुणीतरी आहोत, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली. दोन लांब टेबलं, एक कपाट, परीक्षानळ्या, लिटमसचे कागद, छताला टांगलेला लंबक आणि बरणीतला एक बेडूक. परीक्षानळ्या डझनभर होत्या, मी मात्र एकटा. त्यामुळे माझा रुबाब मोठा होता. मी थोडा गर्विष्ठही होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. ऊन खिडकीतून आलं की माझी नळी चकाकायची आणि मुलं "सोन्याचं हाये का सर?" असं विचारायची. मला ते फार आवडायचं.

पन्नास मुलं आणि एक डोळा. मग सरांनी एक पद्धत पाडली. मुलं रांगेत उभी राहायची, एकेकानं माझ्यावर डोळा टेकवायचा आणि सर मोठ्यानं दहापर्यंत मोजायचे. दहा झाले की पुढचा. दहा आकड्यांत काय दिसणार? कुणाला स्वतःच्या पापण्या दिसायच्या, कुणाला नुसता पांढरा गोल. मुलं "दिसलं सर" म्हणून बाजूला व्हायची आणि वहीत पुस्तकातली आकृती उतरवून घ्यायची. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, विटांच्या भिंतीसारख्या, एकसारख्या. वर्षानुवर्षं पन्नास वह्यांत तीच भिंत. सरांना हे कळत होतं. पण तास पस्तीस मिनिटांचा होता, त्यांचा तरी काय इलाज?

या रांगेत एक मुलगी पुन्हापुन्हा शेवटी जाऊन उभी राहायची. तिचं नाव इंद्रायणी. तिचे वडील धुळाजी मेंढरं राखायचे आणि दिवाळीनंतर कळप घेऊन चराईला दूर निघून जायचे. इंद्रायणी शाळेसाठी मागे, आत्याकडे राहायची. पाठांतरात ती कच्ची होती. व्याख्या विचारली की अडखळायची. पण एकदा ती मुठीत काहीतरी लपवून घेऊन आली.

"सर, ह्ये लावून बघू का?"

मूठ उघडली तर मेंढीच्या लोकरीचा एक केस. "अभ्यासक्रमात न्हाई गं ते," सर म्हणाले, पण त्यांनी तो काचपट्टीवर ठेवला. मधली सुट्टी होती, त्यामुळे कुणी मोजत नव्हतं. इंद्रायणी किती वेळ बघत होती! मग हळूच म्हणाली, "सर, मक्याच्या कणसावर कशी पानं असत्यात एकावर एक, तसं हाये ह्याच्यावर." सर वाकून बघायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनीही लोकर माझ्यातून कधी बघितली नव्हती. त्या दिवशी मला माझ्या चकाकीपेक्षा माझ्या कामाचा अभिमान वाटला. तो टिकायला हवा होता, पण तसं झालं नाही.

१९८८ साली इंद्रायणी दहावीला होती. सहामाहीत विज्ञानाला तिला अठ्ठावीस पडले. दिवाळीनंतर कळप घेऊन निघतानाच धुळाजी सांगून गेले होते, "इज्ञान निघालं तर जालन्याला शिकाय धाडतो. न्हाई निघालं तर मंग मेंढरामागं चल." ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं आणि म्हणूनच ते फिरणार नव्हतं. लेखी पेपरात इंद्रायणीचा भरवसा नव्हता. राधाकिसन सर तिला म्हणाले, "प्रात्यक्षिकात गुण सोडू नको बाई. तुझं सगळं त्याच्यावर हाये."

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक यायचे. त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी शाळेत लगीनघाई होती. अंगण सारवलं, फळे काळे केले. आमच्या शाळेत सोनूबाई नावाच्या शिपाई होत्या. मायाळू बाई. इंद्रायणीला त्या रोज आपल्या डब्यातली चतकोर भाकरी द्यायच्या. पाव्हणे येणार म्हटल्यावर त्यांनी घरात करतात तेच केलं. पितळ काढलं घासायला. पाणी प्यायचा तांब्या, टोलाची घंटा आणि मी!

मित्रांनो, त्यांनी मला हापश्यावर नेलं. चिंच आणि चुलीतली राख. नळी घासली, बूड घासलं. नेत्रभिंग वरून अलगद निघतं, ते काढलं आणि दोन्ही अंगांनी घासलं, काचेसकट. राखेतला एखादा खडा काचेवरून करकरत गेला, तो मला कळला. मला बोलता येत नाही. पण खरं सांगतो, बोलता आलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. कारण मी लखलखत होतो. सोनूबाई पदरानं मला पुसत म्हणाल्या, "बघ गं इंद्रे, कसा नवरदेवावानी दिसून राह्यला!" पाणी भरायला आलेली इंद्रायणी हसली.

सकाळी सरांनी कांद्याचा पापुद्रा काढला, आयोडिनचा थेंब टाकला आणि माझ्यात डोकावले. गोलाच्या मधोमध एक काळसर रेघ आडवी गेलेली. पापुद्र्याला सुरकुती पडली असेल, असं त्यांना वाटलं. त्यांना अजून आम्लाच्या बाटल्या भरायच्या होत्या. ते तसेच पुढे गेले.

परीक्षा सुरू झाली. पहिल्या टेबलावर रसायनशास्त्र होतं, लिटमस बुडवून आम्ल की आम्लारी ते सांगायचं. दुसरीकडे भौतिकशास्त्र, लंबकाचे झोके मोजायचे. तिसऱ्या टेबलावर जीवशास्त्र, म्हणजे मी. मुलं येत होती, डोळा टेकवत होती आणि भिंत काढत होती. माझ्यातून बघताना प्रत्येकाच्या कपाळावर आठी पडायची, म्हणजे रेघ सगळ्यांना दिसत होती. पण कागदावर एकानंही ती काढली नाही.

इंद्रायणी आली. तिनं आरसा खिडकीकडे वळवला आणि बघत राहिली. मग पेन्सिल घेतली. तिच्या पेशी विटांसारख्या नव्हत्या. एक लांब, एक आखूड, एकीचं टोक वाकडं, जशा होत्या तशा. आणि त्या सगळ्यांच्या मधून तिनं एक आडवी रेघ ओढली. रेघेपुढे नाव द्यायचं म्हणून लिहिलं, "ही काय आहे ते समजले नाही."

परीक्षक टेबलाशी आले. त्यांनी कागद उचलला आणि चष्मा वर केला.

"ही रेघ कसली?"

"माहीत न्हाई सर. दिसली."

"पुस्तकात आहे का अशी?"

"न्हाई सर."

"मग चूक आहे ती. आकृतीचे गुण जातील तुझे. खोडून टाक."

राधाकिसन सरांचा चेहरा पडला. ते मागून हळूच म्हणाले, "खोड, बाळ." त्या बिचाऱ्यांना तिची काळजी होती. इंद्रायणीनं खोडरबर हातात घेतलं. ते कागदावर टेकलं की मला माझी लाज वाटणार होती. तिला पुढे सगळं दिसत असणार, जालना आणि मेंढरंसुद्धा. तिचे डोळे भरून आले.

"सर, खोडली तर मंग मला दिसलीच न्हाई असं व्हईल," ती म्हणाली. "दिसली तर हाये मला." आणि तिनं खोडरबर खाली ठेवलं.

परीक्षकांना राग आला होता. त्यांनी चष्मा काढला आणि झटक्यानं माझ्यावर डोळा टेकवला. मग मात्र ते बराच वेळ उठलेच नाहीत. त्यांनी काचपट्टी सरकवली. पेशी सरकल्या, रेघ जागच्या जागी. त्यांनी नेत्रभिंग दोन बोटांत धरून गोल फिरवलं. पेशी तशाच राहिल्या आणि रेघ घड्याळाच्या काट्यासारखी फिरली. ती कांद्यात नव्हती, माझ्यात होती.

परीक्षक सरळ उभे राहिले. त्यांनी आधीच्या मुलांचे कागद चाळले आणि विचारलं, "ही रेघ सकाळपासून आहे. कुणालाच दिसली नाही?"

वर्गात पहिला येणारा पुंजाराम उठला. खाली मान घालून म्हणाला, "दिसली होती सर. पण पुस्तकात न्हाई म्हनून सोडून दिली."

राधाकिसन सरांनी खिडकीबाहेर बघितलं. ते दहा आकडे त्यांना आठवले असणार.

"कुणी खराब केलं हे?" परीक्षकांनी इंद्रायणीला विचारलं. तिला माहीत होतं. ती ओठ आवळून उभी राहिली. तेवढ्यात दारातून सोनूबाई पुढे आल्या. "सायेब, म्या घासलं. पाव्हणे येनार म्हनून भांडे घासतो तसं घासलं. मला काय ठावं, काचंला राख चालत न्हाई. लेकराचे मार्क कापू नका. माजा पगार कापा."

परीक्षकांनी खिशातला धुतलेला रुमाल काढला, काचेवर फुंकर घातली आणि हलक्या हातानं पुसून दाखवलं. "असं पुसायचं बाई. राख नको, पदरही नको." एवढंच बोलले. इंद्रायणीच्या कागदावर त्यांनी आकृतीचे पूर्ण गुण दिले. बाकीच्या मुलांना त्यांनी पुन्हा रांगेत उभं केलं, आणि या वेळी मोजायचं नाही असं सरांना सांगितलं. त्या दिवशी परीक्षा दुपारी चारपर्यंत चालली.

जूनमध्ये निकाल लागला. इंद्रायणीला विज्ञानात अडतीस गुण होते. पासाला पस्तीस लागायचे. रेघ खोडली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी पुष्कळदा केला आहे. धुळाजींनी शब्द पाळला आणि ती जालन्याला गेली.

माझं पुढचं आयुष्य तुमच्या ओळखीचं असेल. राधाकिसन सर निवृत्त झाले. शाळेत पांढऱ्या रंगाचे, दिव्याचे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि मी कपाटाच्या तळाच्या खणात गेलो, फुटक्या नरसाळ्याच्या शेजारी. पितळ काळं पडलं. आरशावर कोळ्यानं जाळं केलं. चकाकी गेल्याचं दुःख मला फारसं झालं नाही. कुणी डोळा टेकवत नाही, याचं मात्र झालं. अंधारात मी त्या पापण्या आठवत बसायचो.

२००४ साली सोनूबाईंचा निरोप समारंभ होता. हार, नारळ, भाषणं झाली. मग कपाटाचं दार करकरलं आणि उजेड आत आला. समोर सोनूबाई होत्या, केस पांढरे झालेल्या, आणि त्यांच्याबरोबर एक बाई. सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते, दिवसभर सूक्ष्मदर्शकावर असते, असं ती नव्या सरांना सांगत होती. तिनं पर्समधून मऊ सुती कापड काढलं, फुंकर घातली आणि मला पुसलं. तो हात मी ओळखला. ती माझ्यावर वाकली आणि नेत्रभिंग दोन बोटांत धरून फिरवलं.

"हाये की अजून!" इंद्रायणी म्हणाली, आणि सोनूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

नवे सर म्हणाले, "बाई, ती काच बदलून घेऊ का?" इंद्रायणीनं मान हलवली. "राहू द्या सर. काम देतंय अजून."

मित्रांनो, मला राख लावू नका. मऊ फडक्यानं पुसा, पेटीत ठेवा आणि वर्षातून चार वेळा तरी बाहेर काढा, एवढंच मागणं. आणि माझ्यात बघाल तेव्हा घाई करू नका.

त्या दुपारी आठवीतल्या मुली माझ्याभोवती गोळा झाल्या होत्या. इंद्रायणीनं कांद्याचा पापुद्रा लावून दिला. पहिली मुलगी वाकली. कुणी मोजत नव्हतं. बऱ्याच वेळानं ती घाबरत म्हणाली, "बाई, पेशी दिसत्यात. पण मधी एक रेघबी दिसून राह्यली."

"दिसली ना?" इंद्रायणी तिच्या हातात पेन्सिल देत म्हणाली. "मंग काढ."